पुस्तकातला शेवट

डॉक्टरकाकांना मी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. लोक मला सांगतात, अगं, इतकी वर्षं झाली, आता तरी सोड. का सोडू? कुणाच्या बापाचं काय जातं?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लग्न करून मी अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. तो ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत इंजिनियर, आणि मला काम करायची परवानगी नाही. अमरावतीला मी सहा वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. माझ्या तासाला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तोंड मिटून बसायची. इथं बँकेत जा, दवाखान्यात जा, लायब्ररीत कार्ड काढायला जा, आधी नवऱ्याचं नाव विचारायचे. गाडी चालवता येत नव्हती, आणि गाडीशिवाय तिथं साधं दूध आणता येत नाही. दार उघडलं की दमट उन्हानं चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून मी दार उघडायचंच बंद केलं होतं. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. या देशात कुठंतरी, कशावर तरी, माझं नाव असावं. अमक्याची बायको म्हणून नको, माझं म्हणून.

आमच्या तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे डॉक्टरकाका. साठच्या दशकात आलेले, मोठं घर, मोठी गाडी, मोठा आवाज. गणपतीची मूर्ती वर्षभर त्यांच्याच गराजमध्ये. नवीन जोडपं आलं की अपार्टमेंट बघून द्यायचं, गादी-भांडी द्यायची, हे सगळं काका-काकू करायचे, आणि काका ते विसरू द्यायचे नाहीत. आम्हालाही त्यांनीच अपार्टमेंट बघून दिलं होतं. तेव्हा काकांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यांच्याकडे व्हीसीआर नवीनच आला होता. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावून ते जुना इंग्रजी सिनेमा दाखवायचे. टीव्हीवरून टेप केलेला असायचा, त्यामुळे मधेमधे गाड्यांच्या आणि साबणाच्या जाहिराती. 'क्लासिक आहे,' काका म्हणायचे, आणि सिनेमा संपला की ज्या पुस्तकावरून तो काढला त्यावर भाषण द्यायचे. सगळे माना डोलवायचे. डॉक्टरांचं वाचन दांडगं, असं आमच्यात बोललं जायचं. बायका कार्पेटवर, पुरुष सोफ्यावर, आणि काकू स्वयंपाकघर ते फॅमिली रूम अशा येरझाऱ्या घालत. शेवट जवळ आला की काका मान न वळवता म्हणायचे, 'चहा टाक गं,' आणि काकू उठायच्या. मला एकदा त्या हसत म्हणाल्या होत्या, 'मी आजवर एकाही सिनेमाचा शेवट बघितलेला नाही.'

एका शनिवारी काकांनी लावलेला सिनेमा बघून मी ताठ बसले. एका फार मोठ्या लेखकाच्या कादंबरीवरचा होता. नावं मी मुद्दाम लिहीत नाही, लिहिली तर काका कोण ते आमचे जुने लोक लगेच ओळखतील. तसं ओळखलं तरी माझी हरकत नाही म्हणा. ती कादंबरी मी सहाही वर्षं शिकवली होती. गोष्ट सोपी आहे. एका छोट्या गावातला इंजिनियर आपल्या मेलेल्या मित्राचा पुलाचा आराखडा स्वतःचा म्हणून खपवतो. पूल होतो, गाव त्याला डोक्यावर घेतं, पुलाच्या दगडावर त्याचं नाव कोरतं. कादंबरीत शेवटी, तो दगड उघडायच्या दिवशी, तो सगळ्या गावासमोर उभा राहून कबूल करतो की हा पूल माझा नाही.

हॉलिवूडवाल्यांना हे कसं परवडणार? हिरो केवढा देखणा, केवढा लाडका! त्यांनी शेवट गोड करून टाकला. सिनेमात ऐन वेळी मित्राचा धाकटा भाऊ कागद घेऊन धावत येतो आणि सांगतो की आराखडा मुळात हिरोचाच होता, चोरला होता तो मेलेल्या मित्रानं. म्हणजे ज्याचं होतं तोच चोर! मग व्हायोलिनं, मिठी, द एंड.

'पुस्तकातही अगदी असंच आहे,' काका म्हणाले. 'वर्ड टू वर्ड. मी मेडिकलला असतानाच वाचलंय.'

माझ्यानं राहवेना. म्हटलं, 'नाही काका, पुस्तकात तो कबूल करतो. भाऊबिऊ कुणी येत नाही.'

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'प्रोफेसरीणबाई, तुम्ही गाईड वाचलं असेल. अमरावतीला ओरिजिनल कुठलं मिळायला?'

सगळे हसले. जोरात हसले. माझा नवराही हसला, आणि ते हसू मी अजून त्याला सोडलेलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण हातात त्यांच्याच घरची चहाची कपबशी. गिळला तो चहा.

घरी आल्यावर ठरवलं, या माणसाला दाखवतेच. भांडून नाही, काम करून. त्या वर्षी गणपतीत मंडळाला नाटक हवं होतं. मी त्याच कादंबरीचं मराठी नाटक करायला घेतलं. लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि उन्हाळाभर डायनिंग टेबलवर बसून लिहिलं. पूल घेतला आपल्याकडच्या एका नदीवरचा, माणसं केली आपली, बोलणं आपलं. शेवटचं स्वगत मी कितीदा लिहिलं आणि कितीदा फाडलं, त्याला गणती नाही. एके दिवशी ते जमलं. मी एकटीच मोठ्यानं वाचलं, रडले, तोंड धुतलं आणि कुकर लावला. इतका आनंद मला त्या देशात तोवर झाला नव्हता.

नाटक मंडळाचं, म्हणजे स्क्रिप्ट अध्यक्षांकडे द्यायचं. मी जाऊन दिलं. काकू शेजारीच उभ्या होत्या. 'सगळं तू लिहिलंस?' त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. काका पानं चाळत म्हणाले, 'बघतो, बघतो.'

दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये झेरॉक्स केलेला कागद हातात आला. गणेशोत्सव, आरती, महाप्रसाद, आणि खाली मोठ्या अक्षरात नाटकाचं नाव. रूपांतर, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका: डॉक्टरकाका. मी कागद उलटा करून पाहिला. मागे माझं नाव होतं. विशेष सहाय्य या मथळ्याखाली, बटाटेवडेवाल्यांच्या खाली, मंडप आवरणाऱ्यांच्या वर.

'काका, हे काय?' मी विचारलं.

'काय म्हणजे? अगं, शेवट मी बदलला ना,' काका म्हणाले. 'तुझ्या रडक्या शेवटाला कोण टाळ्या देणार? सिनेमातला घातलाय. त्या ग्रॅज्युएट स्टुडंटला भावाचा रोल दिलाय, तो धावत येतो. तू नुसतं भाषांतर केलंस. रूपांतर तर माझंच झालं की!'

'नाटक माझं आहे,' मी म्हटलं.

'मंडळात माझं-तुझं नसतं,' काका म्हणाले, आणि पुढच्या विषयाकडे वळले. श्रीखंड कुणी करायचं, हा पुढचा विषय होता.

गाडीत नवरा म्हणाला, 'जाऊ दे ना यार. इश्यू कशाला करतेस? काकांनी आपल्याला किती हेल्प केलीय.' त्या रात्री त्याला गरम पोळी मिळाली नाही. पण त्याची जिरवून माझं काय भागणार होतं? मला काकांची जिरवायची होती, तीही सगळ्यांसमोर, जशी त्यांनी माझी जिरवली होती.

आणि देव बघा कसा असतो. चार दिवसांनी काकांचाच फोन आला.

'तुझा आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत,' म्हणाले. 'प्रॉम्प्टिंग तू कर.'

आमच्या मंडळाची नाटकं कशी व्हायची ते सांगायला हवं. सगळे नोकरीवाले. शनिवारी-रविवारी तालीम, एकेक जण तासभर ड्राइव्ह करून यायचा. पाठांतर कुणालाच व्हायचं नाही, आणि काकांना तर ते कमीपणाचं वाटायचं. 'मी प्रॉम्प्टवर घेतो, कॉलेज गॅदरिंगपासून सवय आहे,' असं ते अभिमानानं सांगायचे. विंगेत टॉर्च घेऊन प्रॉम्प्टर बसायचा, तो हळू आवाजात वाक्य द्यायचा, आणि काका ते झेलून मोठ्या आवाजात फेकायचे. झेलायचे मात्र सफाईनं, हे मान्य करते. शब्द कुठला आहे, अर्थ काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. विंगेतून जे येईल ते खणखणीत बाहेर पडायचं. तालमीत एकदा मी चुकून एका पानाऐवजी दोन पानं उलटली, तर ते मेलेल्या मित्राच्या बायकोला, 'ये, बैस, नवरा बरा आहे ना?' असं विचारून मोकळे झाले. बाकीचे हसायला लागले तरी त्यांना कळेना काय झालं.

मला कळलं. मी खाली मान घालून पान नीट लावलं.

त्यानंतरच्या प्रत्येक तालमीत मी शहाण्यासारखी सिनेमातला शेवट प्रॉम्प्ट केला. काका खूश. 'बघ, राग गेला ना? टीमवर्क असतं हे,' म्हणाले. मी हसले. मला इतकं गोड हसता येतं हे मला तेव्हाच कळलं.

गणपतीच्या शनिवारी दुपारी एका हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्यानं घेतलं होतं. ह्यूस्टनच्या चारी बाजूंनी मराठी माणसं आलेली, बायका पैठण्या सावरत, मुलं इंग्रजीत भांडत. प्रमुख पाहुणे म्हणून मंडळातल्या एकाचे वडील होते, मुलाकडे सहा महिने राहायला आलेले. आमच्याकडे भारतातून आलेल्या कुठल्याही पांढऱ्या केसांच्या माणसाला प्रमुख पाहुणा करायचे. पण हे खरोखरच पुण्याला इंग्रजीचे प्राध्यापक होते, नुकतेच रिटायर झालेले. काकांना ते माहीत होतं, आणि त्यांची छाती आणखी फुगली होती.

पहिल्या रांगेत मध्यभागी पाहुणे, शेजारी काकू. त्या दिवशी चहा केटररकडे होता. काकू अख्खं नाटक बसून बघणार होत्या.

नाटक छान चाललं. का चालणार नाही? माझं होतं. टाळ्या पडत होत्या, आणि प्रत्येक टाळीला काका थोडे आणखी रुंद होत होते. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर स्क्रिप्ट, हातात टॉर्च. शेवटचा प्रवेश आला. पुलावरचा दगड, त्यावर झाकलेलं कापड, गावकरी खाली बसलेले आणि काका एकटे उभे. मी स्क्रिप्टची शेवटची पानं काढून बाजूला ठेवली. माझी, उन्हाळ्यात लिहिलेली पानं ब्लाउजमध्ये घडी करून आणली होती, ती उलगडली.

'मंडळी, या दगडावर माझं नाव कोरलंय,' मी म्हटलं.

'मंडळी, या दगडावर माझं नाव कोरलंय!' काका गरजले.

'ते खोटं आहे.'

'ते खोटं आहे!'

'हा पूल माझा नाही.'

'हा पूल माझा...' काका क्षणभर थांबले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघितलं. मी वर बघितलंच नाही. पुन्हा म्हटलं, 'नाही.' समोर चिडीचूप झालेलं सभागृह, तोंडातून निघालेलं अर्धं वाक्य, आणि डोक्यात दुसरं एकही नाही. काय करतील बिचारे? बिचारे कसले!

'...नाही,' काका म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांनी घेतला तेवढा दम त्यांनी साऱ्या नाटकात घेतला नव्हता.

माझ्यामागे एंट्रीला उभा असलेला ग्रॅज्युएट स्टुडंट घाबरून कुजबुजला, 'ताई, हे कुठलं? माझी एंट्री?'

'तुझी एंट्री कॅन्सल झालीय,' मी म्हटलं आणि पुढचं वाक्य दिलं.

'ज्याचा आहे, त्याचं नाव आज इथं कुठंच नाही,' काका बोलत होते. 'मी त्याचं काम घेतलं. त्याच्या रात्री घेतल्या. वर त्यालाच मी लहान ठरवलं, कारण तो मोठा ठरला असता तर मी कुठं उभा राहिलो असतो?' कपाळावरून घाम मेकअपमध्ये उतरत होता. आवाजातली गर्जना गेली होती, आणि खरं सांगते, तेव्हा ते पहिल्यांदा बरा अभिनय करत होते. 'हे नाव पुसा. मला यातली एक ओळही सुचली नसती.'

मी पडद्यावाल्याला टॉर्च दाखवला. पडदा पडला. आणि सभागृह जे दणाणलं! लोक उठून टाळ्या वाजवत होते. बायका डोळे पुसत होत्या.

पडद्यामागे काका माझ्याकडे आले. तोंड लाल झालेलं. 'हे काय केलंस तू? बघून घेतो तुला,' एवढंच म्हणायला वेळ मिळाला, कारण पडदा पुन्हा वर गेला आणि टाळ्या ऐकून त्यांचा चेहराच पालटला. पुढे झाले, हात जोडले, वाकले. मी स्टुलावर बसून बघतच राहिले. हा माणूस हेही खाणार! माझं नाटक चोरलं, माझा शेवट त्यालाच भोवला, आणि आता त्याच्याही टाळ्या तोच घेतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग प्रमुख पाहुणे स्टेजवर आले. माइक हातात घेतला.

'डॉक्टरसाहेब, मी थक्क झालो,' ते म्हणाले. 'या कादंबरीवरचा सिनेमा मी पाहिलाय. त्यात त्यांनी शेवटाची पार माती केली. तुम्ही तो मोह टाळून मूळ पुस्तकाकडे गेलात. कादंबरी किती बारकाईनं वाचली असेल तुम्ही!'

'वाचावं लागतं,' काका म्हणाले. म्हणाले हो! जीभ अडखळली नाही.

'मग एक सांगा,' प्राध्यापक आनंदानं म्हणाले. 'कबुली दिल्यावर पुस्तकात अजून एक प्रकरण आहे. गाव त्याचं पुढं काय करतं, ते. सगळ्यात जबरदस्त प्रकरण तेच. ते तुम्ही गाळलंत, त्यामागे काय विचार होता? लोकांनाही सांगा, काय होतं त्यात.' आणि त्यांनी माइक काकांच्या तोंडापुढे धरला.

काकांनी माइककडे बघितलं. लोकांकडे बघितलं. आणि मग, सवयीनं, मान वळवून विंगेकडे बघितलं. माझ्याकडे. वाक्यासाठी.

मला ते प्रकरण तोंडपाठ होतं. मी टॉर्च बंद केला, पानांची घडी घातली आणि ओठ मिटून त्यांच्याकडे बघत बसले.

किती वेळ गेला देव जाणे. काकांचं तोंड अर्धवट उघडं. लोक आधी हसतमुखानं वाट बघत होते, मग चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी खोकलं. काका अजून विंगेकडेच बघत होते, आणि आता सगळं सभागृहच विंगेकडे बघायला लागलं होतं. मी सुखानं बसून होते. कुणाला काय वाटायचं ते वाटो, त्या शांततेसारखं सुख मला ना लग्नात मिळालं ना ग्रीनकार्डात.

पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला. पहिल्या रांगेला प्रॉम्प्टिंग नेहमीच ऐकू जातं.

'अहो, त्यांना काय विचारताय?' काकू म्हणाल्या. 'तिला विचारा ना. नाटक तिनं लिहिलंय. आमच्याच घरी आणून दिलं होतं तिनं, माझ्यासमोर.'

मी उठले. साडी नीट केली आणि उजेडात गेले. प्राध्यापकांनी माझं नाव विचारलं. नवऱ्याचं नाही, माझं. मी माइकमध्ये सांगितलं, आणि आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. नवरा तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत उभा होता. त्याचा हिशेब वेगळा होता, तो घरी झाला.

'तर मग सांगा,' प्राध्यापक म्हणाले, 'गाव त्याचं काय करतं?'

'काही नाही करत,' मी म्हटलं. 'दगडावरचं नाव तेवढं बदलतात. तो तिथंच राहतो. रोज त्याच पुलावरून त्याला ये-जा करावी लागते, आणि लोक त्याला नमस्कार करतात.'

काका माझ्या शेजारीच उभे होते. पुस्तकात काय आहे ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

पुढं महाप्रसादाच्या रांगेत काकूंनी माझ्या ताटात स्वतः श्रीखंड वाढलं आणि म्हणाल्या, 'एक तरी शेवट नीट बघायला मिळाला.' काका जेवायला थांबले नाहीत.

ते शुगर लँड सोडून कुठं गेले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं दर गणपतीला भेटायचे, आणि दर गणपतीला मी पदर सावरून, वाकून त्यांना नमस्कार करायची. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात विचारायची, 'काका, यंदा नाटकात काम करताय ना? प्रॉम्प्टिंगला मी आहे.'